वगळलेले रविवार

भिकुबाईची गंधमुक्ती नेमकी रविवारी आली, त्यामुळे मांडवात माणूस मावेना. धुळ्यातले झाडून सगळे आले. जळगावच्या कारखान्यातले कामगार बायका-पोरांसह आले, शिरपूरकडचे भाचे-जावई जीप करून आले. भिकुबाईने ज्यांना जन्मात एकदाच चहा पाजला होता, असेही बरेच जण होते. आणलेल्या टॉवेल-टोप्यांची ओट्यावर रास झाली होती. ऊन मी म्हणत होतं. भाड्याचे पंखे इकडची गरम हवा उचलून तिकडच्या पंगतीवर टाकत होते, त्यापलीकडे त्यांना काही जमत नव्हतं. व्याह्यांनी भिकुबाईच्या नवऱ्याच्या, धनसिंग आबांच्या कपाळाला गंध लावलं, सुतक फिटलं आणि माणसं जेवायला बसली. दुःख आणि बुंदी एकाच पत्रावळीवर वाढायची आपली रीत आहे. तिला नावं ठेवणारेही दुसऱ्यांदा बुंदी मागून घेतात.

भिकुबाईची लेक दिपमाला वरण वाढत होती. माय गेल्यापासून ती रडली नव्हती आणि ही गोष्ट बायकांच्या नजरेतून सुटली नव्हती. शिकलेल्या पोरींचं काळीज दगडाचं होतं, असं एक मावशी तिच्या देखतच म्हणाली होती. दिपमालाने त्या मावशीच्या पानावर मुकाट्याने वरण वाढलं.

पंगतीत दोनच विषय होते. भिकुबाई किती चांगली होती, हा पहिला. तो लवकर संपे, कारण चांगल्या माणसाबद्दल बोलण्यासारखं फार नसतं. दुसरा विषय सोमवारचा, आणि तो लीलाधर नानांच्या ताब्यात होता.

"आम्हनी दिपूना पत्रा शे ना, त्याले ना लाइट लागस, ना पानी," नाना हातातला द्रोण हलवत शिरपूरच्या जावयांना सांगत होते. "सरकारनी निवडेल शे तिले. उद्या सोमवारले दिल्लीना सायेब लोक देखाले येनार. आठे, आपला मयामा!"

हेच नाना तीन वर्षांपूर्वी चारचौघांत म्हणाले होते, पोर पत्र्याले रंग फासस नी सरकार तिले इनाम देस, मंग आम्हना रंगारीनं काय पाप करं? पण सरकारी गाडी मळ्यापर्यंत येणार म्हटल्यावर थोरल्या भावाची पोरगी त्यांची 'आम्हनी दिपू' झाली होती.

तसा तो पत्रा आता घरात सगळ्यांना तोंडपाठ होता. गारपत्रा हे नाव भिकुबाईनेच दिलेलं. पत्र्यावर दिपमालाने तयार केलेला एक पांढरा लेप असे. तो ऊन परत फेकी, आणि वर भर उन्हातसुद्धा पत्र्यातली उष्णता आभाळाकडे सोडून देई. छोट्या उद्योगांनी ऊर्जेवर संशोधन करावं म्हणून केंद्राची एक योजना आहे, तिच्यातून तिला हे काम मिळालं होतं. त्यासाठी तिने विद्यापीठातली नोकरी सोडली. प्रेमराजने, तिच्या थोरल्या भावाने, ठिबकच्या नळ्यांचे जोड बनवायचा आपला जळगावचा चालता कारखाना बंद करून तिथे लेपाची यंत्रं बसवली. पहिल्या टप्प्यात ताटाएवढा तुकडा करून दाखवायचा होता, तो दाखवला. दुसऱ्या टप्प्यात खऱ्या खोलीवर उन्हाळाभर चाचणी घ्यायची होती. त्यासाठी आबांच्या मळ्यात दोन सारख्या खोल्या बांधल्या. एकीवर साधा पत्रा, दुसरीवर गारपत्रा. आतलं तापमान आपोआप फोनवर येई. तिसरा टप्पा सगळ्यात मोठा होता. गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत बाळंतिणींच्या खोल्यांवर हाच पत्रा बसणार होता. दिल्लीची समिती सोमवारी यायची ती यावर शिक्कामोर्तब करायला.

आणि उन्हाळाभर आकडे असे आले होते की दिपमालालाच विश्वास बसेना. तिच्या हिशोबाने फार तर तीन-चार अंश फरक पडायला हवा होता. गारपत्र्याची खोली सात-आठ अंशांनी गार भरत होती.

शेवटची पंगत उठली तेव्हा तिने हात धुतले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा फोनवर त्या दोन खोल्या उघडून पाहिल्या. उद्या दाखवायचं म्हणजे आज एकदा बघून ठेवावं, एवढाच विचार. लाल रेघ साध्या पत्र्याची, निळी गारपत्र्याची. एरवी दोघींत हातभर अंतर असे. आता निळी रेघ वर चढून लालला जवळजवळ चिकटली होती. तिने मागचे दिवस सरकवून पाहिले. कालही तसंच, परवाही तसंच. सरकवत सरकवत ती माय गेली त्या दिवसापर्यंत पोचली. निळी रेघ तिथूनच वर वळली होती.

प्रेमराज मांडवाच्या खांबाशी आचाऱ्याशी बोलत होता. तिने त्याला बाजूला घेऊन फोन पुढे धरला. त्याने नीट पाहिलंसुद्धा नाही.

"मला माहीत आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझी अवस्था बघून बोललो नाही. धूळ बसली असेल म्हणून पत्रा धुऊन घेतला. काही फरक नाही. लेप उतरला का गं?"

"लेप असा एका दिवसात उतरत नाही, भाऊ."

"मग?"

लीलाधर नाना अलगद येऊन मागे उभे राहिले होते. दोघांच्या तोंडाकडे पाहून त्यांनी काय ते ओळखलं आणि मोठ्या आवाजात, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा उसासा टाकला.

"वहिनी गयी, नी गारवा बी तिन्हासंगे गया."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दिपमालाला संताप आला. पत्र्याला माणूस कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण रेघ त्याच दिवशी वळली होती, हेही खरं होतं. ती घरामागच्या मळ्यात गेली.

गारपत्र्याची खोली उघडीच होती. आत मायची खाट. चाचणीच्या खोलीत खरं तर कुणी राहायचं नाही असा दिपमालाचाच नियम. पण चाचणी सुरू होण्याआधीच हृदयाचं दुखणं वाढलं आणि भिकुबाईने हट्ट धरला, "मना पोरनी बांधेल खोली शे, मी तठेच पडसू." एका म्हातारीच्या अंगाची ऊब ती कितीशी, असा विचार करून दिपमालाने होकार दिला. उलट ती ऊब धरूनही खोली गार राहते म्हटल्यावर तिला अभिमानच वाटला होता. पंखा लावू नका, पाणी शिंपडू नका, एवढं मात्र तिने तीनतीनदा बजावलं होतं. मग रोज दुपारी मायचा फोन येई. "कितली गार शे व माय तुनी खोली! अंगवर पातळ घेनं पडस."

आता दारातून आत पाऊल टाकताच उष्णता तोंडावर आली.

तिने वर पाहिलं. आढ्याच्या लोखंडी पट्टीला तारेचे आकडे ओळीने अडकवलेले होते. ते तिने आधीही पाहिले होते. ती येई तेव्हा त्यांच्यावर मायची लुगडी टांगलेली असत. पेटीपर्यंत वाकवत नाही म्हणून तिथेच अडकवते, असं माय म्हणे. आज लुगडी नव्हती. आकड्यांखाली भिंतीच्या पत्र्यावर वरपासून खालपर्यंत पांढुरके ओघळ वाळले होते. विहिरीचं पाणी क्षाराचं, जिथे वाळेल तिथे पांढरं उमटवणारं. जमिनीवरही तसाच पांढरा पट्टा होता. दिपमाला गुडघ्यांवर बसली आणि तिने खाटेखाली हात घातला. घडी घातलेली बारदानं हाताला लागली. तागाची पोती, टरकावून सपाट केलेली, क्षाराने पापडासारखी कडक झालेली.

तिने एक उलगडून मांडीवर घेतलं. आणखी काही शोधायची गरज नव्हती. वैशाखात पाण्याच्या माठाला, आंब्याच्या पाटीला, कोंबड्यांच्या खुराड्याला खानदेशात काय करतात ते तिला लहानपणापासून माहीत होतं. ओलं बारदान बांधतात. वारं लागलं की आतलं गार होतं. पदार्थविज्ञान तिला हे फार पुढे शिकवणार होतं. माय ते आधीपासून करत होती.

"सापडली का?" दारातून आवाज आला.

रूपा उभी होती, प्रेमराजची बायको. कारखाना बंद करू नका म्हणून घरात एकटी भांडलेली, आणि त्या दिवसापासून दिपमालाशी कामापुरतं बोलणारी. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिने तो दिपमालापुढे ठेवला.

"तुला माहीत होतं, वहिनी?"

"महिनाभरापासून. मी मधल्या वारी अचानक आले होते. आबा बादली घेऊन आत होते, सकाळी एकदा भिजवायचे, दुपारी एकदा. मायने मला शपथ घातली." रूपा उंबऱ्यावर बसली. "पहिल्याच दिवशी मायला इथे सहन झालं नाही, ताई. घामाने नुसती भिजली. आबा म्हणाले, घरात चल पंख्याखाली. तर म्हणे, मी घरमा गयी तं पोरले काय वाटी? मग आबांनी हे केलं."

"पण मी आले की..."

"शनिवारी रात्रीच काढून ठेवायचे. माय म्हणायची, पोर येई ऱ्हायनी, काढा ते, ती रागे भरी. तुम्ही यायच्या रविवारीच ना."

रविवारी.

दिपमालाने डोळे मिटले. रविवारचे आकडे तिला चांगले आठवत होते, कारण ते तिने काढून टाकले होते. दर रविवारी खोलीतला फरक सात-आठवरून दोन-अडीचवर येई. तिने कारण लगेच शोधलं होतं. रविवारी आपण जातो, पाहुणे येतात, दार सारखं उघडतं, बाहेरची हवा आत येते. म्हणून समितीला पाठवलेल्या अहवालात तिने रविवार वगळले आणि तसं प्रामाणिकपणे खाली लिहिलंही. उरलेले दिवस इतके छान का आहेत याचंही कारण तिने शोधलं, खानदेशची कोरडी हवा, निरभ्र आभाळ. त्यावर समितीच्या बाईंनी फोन करून कौतुक केलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! खोलीत ओल मोजायचं यंत्र एक बसवलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण ज्या वस्तूचा डंकाच बिनपाण्याची म्हणून पिटला, तिच्यात पाणी मोजायचं कुणाला सुचतं?

उन्हाळाभर फक्त रविवार खरे होते.

पाहुणे पांगले तेव्हा ऊन जरा कललं होतं. मांडवात घरचेच उरले. आबा खुर्चीत, नवी टोपी डोक्यावर, नजर जमिनीकडे. दिपमालाने ते कडक बारदान आणून मधल्या सतरंजीवर ठेवलं आणि होतं ते सगळं सांगितलं. आबांनी बारदानाकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली.

प्रेमराजला पुरतं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो आबांकडे नाही, बायकोकडे वळला.

"महिनाभर तू गप्प बसलीस?"

"मायची शपथ होती."

"शपथ! त्या शपथेपायी माझा धंदा..."

"ओरडू नको," नाना मध्ये पडले. त्यांनी सतरंजीवर मांडी ठोकली, भाऊबंदकीचा निवाडा करायला बसावं तशी. "आते आयका. झाकली मूठ सव्वा लाखनी. बारदान कोनी देखं? आपन घरनाच लोके. दिपू, उद्या ते सायेब किती टाइम थांबतीन?"

"नाना, प्रश्न तो नाही."

"प्रश्न तोच शे. तास-दोन तास. तितला टाइम खोली गार पायजे."

प्रेमराज बहिणीकडे न बघता बोलू लागला. आवाज एकदम मऊ झाला होता, आणि त्या मऊपणाचीच दिपमालाला भीती वाटली. "दिपू, तुझा लेप खोटा नाही ना? दोन अंश तर करतो?"

"करतो."

"मग पुढच्या टप्प्यात तू तो सुधारशील. दोनाचे चार करशील, चाराचे सहा करशील. त्यासाठीच तर हे पाहिजे. उद्याचा एक दिवस निभावला तर पुढची दोन वर्षं आपल्या हातात येतात. नाही तर मी त्या कामगारांना काय सांगू? जुनी यंत्रं विकली मी. जोडांचं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. मी तुझ्या शब्दावर केलं हे सगळं. तू म्हणालीस होईल, मी म्हणालो होईल."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. दिपमालाला त्याच्याकडे बघवेना. लहानपणी नदीत पोहायला शिकवताना हाच भाऊ 'सोडत नाही, सोडत नाही' म्हणत तिला धरून राही. तिच्या मनात आलं, एकच दिवस. आकडे तर आधीच गेलेले आहेत. उद्या काही नवीन खोटं बोलायचं नाही, फक्त गप्प राहायचं. हे सुचलं आणि पटलंही, याची तिला लाज वाटली.

"हा पत्रा पुढे कुठे बसणार आहे?" रूपाने विचारलं.

"तुला माहीत आहे," प्रेमराज म्हणाला.

"माहीत आहे, म्हणून विचारते. बाळंतिणीच्या खोलीवर. सरकारी कागदावर लिहिलेलं असणार की ही खोली आठ अंश गार राहते. मग तिथे पंखा कोण देईल? कुलर कोण देईल? आणि तिथे बादली घेऊन आबा नसतील." ती प्रेमराजकडे वळली. "मी वैशाखात बाळंत झालेय. तुम्ही जळगावला होता. मला ठाऊक आहे पत्र्याखाली काय होतं ते. कारखाना बंद करू नका म्हणून मीच भांडले होते आणि आता तो बुडतोय तर सगळ्यात जास्त मलाच झळ आहे. तरी सांगते, ताई, कळवून टाका."

जी वहिनी वर्षभर तिच्याशी धड शब्द बोलली नव्हती, ती तिच्या बाजूने उभी होती, आणि ज्या भावाने तिच्यासाठी सगळं पणाला लावलं तो समोर. दिपमालाला वाटलं, माय असती तर कुणाच्या बाजूने बोलली असती? आणि लगेच उत्तरही आलं. माय दोघांनाही हो म्हणाली असती आणि रात्री आबांना काहीतरी करायला लावलं असतं.

"बाईमानूसनं ऐकीसन राज्य बुडनात," नाना पुटपुटले. मग खुर्चीकडे वळले. "दादा, तू सांग. घरमा मोठा तू शेस. एक दिवसनी बात शे. सकायले दोन बादल्या पानी मार. तुले काय अवघड? उन्हाळाभर मारंच ना तू!"

"हो आबा," प्रेमराज म्हणाला. त्याने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "एकच दिवस."

सगळे आबांकडे बघू लागले. धनसिंग आबा हे बोलणाऱ्यांपैकी नव्हते. घरात त्यांच्या वाटचं भिकुबाईच बोले. आता ती नव्हती आणि त्यांना स्वतःच बोलायचं होतं, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला असावा. त्यांनी पोराचा हात गुडघ्यावरून उचलला, थोपटला आणि त्याच्याच मांडीवर ठेवला.

"ते तिनासाठे व्हतं," आबा म्हणाले.

"आबा, पण..."

"तिले घाम सुटे. रातभर डोळा लागे नही. म्हनीसन मी बारदान बांधं. तुना पत्रासाठे नही, नी सरकारसाठे नही." त्यांनी डोक्यावरची नवी टोपी काढली आणि हातात धरली. "मनी बायकोसाठे भरेल पानी मी सायेबले दखाडाले भरनार नही. बठ्ठं इकाई गयं तरी नही."

ते उठले आणि सतरंजीवरचं बारदान उचलून घरात घेऊन गेले.

मग दिपमालाने तिथेच, सगळ्यांसमोर, समितीच्या बाईंना फोन लावला. लपवून बोलायचं आता काही उरलं नव्हतं. बाई आधी मायबद्दल दोन शब्द बोलल्या. दिपमालाने बारदानांचं सांगितलं, रविवारचं सांगितलं.

"फरक दोन-अडीचच आहे?" बाईंनी शेवटी विचारलं.

"हो. रविवार तेवढे खरे आहेत."

"तुम्ही स्वतःहून सांगितलंत, हे मी नोंदवीन. पण उद्या आम्ही येऊन उपयोग नाही, हे तुम्हालाही कळतंय. तिसरा टप्पा आता होणार नाही. पुन्हा अर्ज करायचा तर पहिल्यापासून, आणि मिळेलच असं मी म्हणत नाही."

"हो मॅडम."

प्रेमराजने शेवटपर्यंत ऐकलं. तो रागाने काही बोलला असता तर बरं झालं असतं. तो उठला, कपड्यांवरची धूळ झटकली आणि गाडीकडे गेला. रूपा दोन पावलं त्याच्यामागे गेली. "जेवला नाहीत तुम्ही," ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही किंवा ऐकून घेतलं नाही. गाडी फाट्याकडे निघून गेली. नानांनाही अचानक धुळ्यात काम आठवलं. जाताना त्यांनी शिरपूरच्या जावयांना फोनवर सांगायला सुरुवात केली होती की आपल्याला पहिल्यापासून त्या पत्र्याचा भरवसा नव्हताच.

दिपमाला मळ्यातल्या खोलीत गेली. दार लावलं आणि मायच्या खाटेवर, उशीही न घेता, उताणी पडली. काही वेळातच पाठ भिजली. गळ्याखाली घाम साचला. छातीवर कुणी हात दाबून धरावा तशी हवा जड होती. तरी तिच्या शिकल्यासवरल्या मेंदूने आपलं काम सोडलं नाही. शेजारच्या साध्या खोलीपेक्षा हे किंचित बरं आहे, असं तो सांगत राहिला. आहे, खोटं नाही. पण आजारी माणसाला पुरेल इतकं नाही. या खाटेवरून माय फोनवर सांगे, अंगावर पातळ घ्यावं लागतं.

दार किलकिलं झालं. आबा उंबऱ्यावर येऊन बसले, मघाशी रूपा बसली होती तिथेच.

"आबा, या उष्म्यानेच गेली का ती?"

"नही व माय. डॉक्टर सांगेच व्हता. तिनं काळीजच थकेल व्हतं." त्यांनी ते इतकं पटकन सांगितलं की त्यांनी स्वतःलाही हे पुष्कळदा सांगितलं असणार, असं दिपमालाला वाटलं. मग त्यांनी हात लांब करून भिंतीच्या पत्र्याला तळवा लावला. "तुना पत्रा कितलं गार करस? खरं सांग."

"दोन अंश. कधी अडीच."

"म्हंजे आते शे, इतलं?"

"हो. आत्ता आहे एवढंच."

आबा तळवा तसाच ठेवून काहीतरी अजमावत राहिले. "शेजारली खोलीतून मी आतेच उनू," ते म्हणाले. "तठे जास्त तपस. मंग तुनी माय खोटं नही बोलनी, पोरी. जरा जास्त बोलनी."

दिपमाला उठून बसली. दुपारपासून ज्या प्रश्नाजवळ ती जात नव्हती तो आता तिच्या तोंडात आला होता. उन्हाळाभर दर रविवारी ती या खाटेशेजारी बसून जेवली होती. मायचं तोंड लाल असे, पदर ओला असे, आणि माय हसत असे. एकेका रविवारी दिपमाला संध्याकाळपर्यंत थांबे. मायने धरून ठेवलं म्हणून थांबे.

"आबा, बारदानं काढलेली असायची... रविवारी तिला फार त्रास व्हायचा ना? रविवार नको व्हायचा ना तिला?"

आबांनी पत्र्यावरचा हात काढून घेतला. बाहेर मांडव सोडायला माणसं आली होती, बांबू जमिनीवर पडल्याचे आवाज येत होते.

"रविवारनी तं वाट देखे ती," आबा म्हणाले. "शनिवारपासूनच म्हने, काढा ते बारदान, सकायले मनी पोर येनार शे."

आणि मग दिपमाला रडली, मावशीला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्याने.